बिल्ड सिस्टीम बदलावी का? वेर्ण्यातल्या नोकरीतला अनुभव

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात प्रोग्रॅममध्ये एक सी++ फाइल वाढवायची वेळ आली. कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणं म्हणजे बिल्ड, आणि त्यात कुठल्या फाइली घ्यायच्या याच्या आमच्याकडे तीन याद्या होत्या. लिनक्ससाठी मेकफाइल, विंडोजसाठी व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट, मॅकसाठी एक्सकोड, अशी तीन ठिकाणी तिची नोंद करायची होती. मॅकवरची राहून गेली. रिलीझच्या आदल्या संध्याकाळी ते उघडकीस आलं.

मी लगेच म्हणालो, सीमेक आणूया, म्हणजे एकाच यादीवरून तिन्हीकडच्या बिल्डच्या फाइली तयार होतील. आमच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, "आधी महिनाभर वही ठेव. बिल्डपायी कुणाचा वेळ कशात गेला, ते लिही."

हा सल्ला मी आज प्रत्येक नवख्याला देतो. मेकफाइल वाचून बिल्ड करणारं मेक १९७६ सालचं आहे, पण निव्वळ जुनं म्हणून ते काढू नये. कंपाइल व्हायला उशीर होतो एवढीच तक्रार असेल, तर समांतर बिल्ड (एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल करणं) आणि सीसीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून पुन्हा वापरणारं साधन) यांवर भागतं. आमच्या वहीत मात्र पानोपानी एकच दुखणं निघालं: तीन याद्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. तेव्हा कुठे निर्णय झाला.

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसने २०२३ मध्ये, १६व्या आवृत्तीत मेसॉन ही बिल्ड सिस्टीम आणली. पुढच्या आवृत्तीत विंडोजच्या वेगळ्या बिल्ड स्क्रिप्ट काढल्या, पण ऑटोकॉन्फ आणि मेकची जुनी वाट तशीच ठेवली. सगळं एका दमात बदलावं लागत नाही, हे मला त्यातून पटलं.

खरी परीक्षा पुढे होती. सीमेकच्या फाइली आठवड्याभरात लिहून झाल्या, बिल्डही झालं, पण लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू होताच कोसळायचा. दोन दिवस शोधत होतो. शेवटी जुन्या आणि नव्या बिल्डच्या कंपायलर कमांड शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. सीमेकच्या रिलीझ बिल्डमध्ये एनडीबग (असर्ट बंद करणारा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला दिलेली सूचना) आपोआप लागतं आणि सगळे असर्ट, म्हणजे प्रोग्रॅम चालताना अटी तपासणाऱ्या ओळी, गळतात. आमच्या मेकफाइलमध्ये ते कधीच नव्हतं. लिनक्सपुरत्या कोडमध्ये कुणीतरी फाइल उघडणारं फंक्शनच असर्टच्या कंसात लिहिलं होतं! असर्टबरोबर तेही गेलं. म्हणून फ्लॅगची तुलना पहिल्याच दिवशी करा, आणि दोन्ही बिल्डवर त्याच चाचण्या चालवा.

जुनी मेकफाइल आम्ही आणखी दोन रिलीझ ठेवली. पुसायचं काम मॅडमनी माझ्याकडेच दिलं, पण त्याआधी तिच्यातली प्रत्येक टिप्पणी वाचायला लावली. त्यांतल्या दोन आज सीमेकच्या फाइलीत जशाच्या तशा आहेत.