डार्केस्ट डंजन खेळताय? या चुका टाळा, आमचा मामा याच चुकांनी मेला

मागच्या जुलैत बेळगावात पाऊस लागला तो लागलाच, टिळकवाडीतल्या रूमवर चार दिवस एक शर्ट वाळला नव्हता, आणि आम्ही तिघं एका जुन्या लॅपटॉपपुढं मांडी घालून मामाला मरताना बघत होतो. मामा म्हणजे डार्केस्ट डंजन गेममधला आमचा क्रुसेडर, चिलखतवाला हिरो. या गेममध्ये हिरोंची नावं बदलता येतात, मी त्याचं नाव माझ्या कडोलीच्या मामावरून ठेवलेलं, कारण खरा मामा पण असाच, दरवर्षी बटाट्यावर रिस्क घेतो आणि बहुतेक वेळा हसत बाजारातनं परत येतो. गेममधला मामा काय परत आला नाही. आणि इथं मेला की मेला, आधीचा सेव्ह लोड करायची सोय नाही, गेम स्वतःच सारखा सेव्ह करत राहतो. गावात क्वचित एक इव्हेंट येतो मेलेल्याला परत आणायचा, पण त्याच्या भरवशावर राहिलं तर स्मशानच भरेल.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी, डार्केस्ट डंजन हा रेड हूक स्टुडिओजचा गेम, कॅनडातल्या व्हँकुव्हरचे लोक, २०१५ ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विकायला, आला आणि जानेवारी २०१६ ला पूर्ण. चार हिरो (या चौघांना पार्टी म्हणतात) घेऊन अंधाऱ्या भुयारात जायचं, माल उचलायचा, जमलं तर चौघंही परत आणायचे. टूडी आहे, त्यामुळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर पण आरामात पळतो, आमच्या रूमवर तो शिरला त्याचं कारण पण तेच.

मी आत्तापर्यंत किती पार्ट्या घालवल्या ते मोजायचं सोडून दिलंय, पण एक गोष्ट डोक्यात बसली. हा गेम रिस्क घेणाऱ्याला मारत नाही, अर्धवट रिस्क घेणाऱ्याला मारतो. खाली जे लिहिलंय ते सगळं फिरून फिरून इथंच येतं.

मशाल चाळीस-पन्नासवर लटकवून ठेवणे

ही सगळ्यात मोठी चूक आणि नव्यातले जवळजवळ सगळे हीच करतात. वर मशालीचं मीटर असतं, १०० वरून सुरू होतं, नवीन वाटेवर पावलागणिक उतरत जातं, एक मशाल लावली की २५ वाढतं. उजेड ७५ च्या वर असला की पुढच्या खोलीत काय आहे ते आधी कळायचा चान्स वाढतो, शत्रू बेसावध सापडायचा चान्स वाढतो, स्ट्रेस कमी चढतो. उजेड उतरत गेला की उलटं, शत्रूचे फटके जड होतात, त्यांचे क्रिट, म्हणजे खास जोराचे फटके, वाढतात, स्ट्रेस भराभरा चढतो, पण त्याच्या बदल्यात माल जास्त मिळतो आणि आपल्या हिरोंचे क्रिट पण वाढतात. म्हणजे अंधार हा काही दंड नाही, तो सौदा आहे. आणि सौदा करायचा तर पूर्ण करा की.

आम्ही काय करायचो, दुकानात एक मशाल ७५ सोन्याला मिळते, तर आठ लागतात तिथं चारच घ्यायच्या, "एवढ्यात भागतंय की" म्हणायचं, आणि मग निम्म्या वाटेत मशाली संपल्या की उजेड तीस-चाळीसवर रखडतो. या मधल्या पट्ट्यात तुम्हाला स्ट्रेस बसतोच, आणि वरचा माल मात्र थोडासाच मिळतो. चार मशालींचे ३०० वाचवले आणि परत आल्यावर एका हिरोचा स्ट्रेस उतरवायला चर्चमध्ये नाहीतर दारूच्या गुत्त्यात हजाराच्या घरात गेले, वर तो हिरो आठवडाभर तिथंच अडकला. एका हिरोचे हं, चौघांचे धरा.

मामा, म्हणजे खरा मामा, बटाट्याबद्दल म्हणतो, विकायचा तर काढल्या काढल्या विक, ठेवायचा तर शेवटपर्यंत ठेव, मधी जो डगमगतो त्याचाच बटाटा कुजतो. मी त्याला हा गेम दाखवला तर तो म्हणाला हे काय भुताचं खूळ घेऊन बसलाय, पण मशालीचा हिशोब त्याला पहिल्या झटक्यात कळला.

तर दोनच रस्ते. एक, चांगली तयार पार्टी असेल तर मशाली भरपूर घ्या आणि ७५ च्या खाली येऊच देऊ नका. दुसरा, अंधारातली धाड. गावात बग्गीतून दर आठवड्याला नवीन हिरो फुकट येतात, त्यातले चार नवखे उचला, एक पैसा खर्च न करता छोट्या मोहिमेला पाठवा, मशाल मुद्दाम विझवा, जेवढा माल घावेल तेवढा पोत्यात घाला आणि पळा. मेले तर फुकटचेच होते, ऐकायला वाईट वाटतं पण पैसे संपल्यावर गाव परत उभं करायचा हाच खरा मार्ग आहे. फक्त त्यांची नावं बदलू नका. आणि उजेड अगदी शून्यावर असताना शॅम्बलर नावाचं एक धूड अचानक येऊ शकतं, नवख्यांनी त्याच्याशी लढायचं नसतं, पळायचं.

शून्य हेल्थवर "अजून एक फटका मारू" म्हणणे

आता मामा कसा मेला ते सांगतो, कारण चूक अगदी एका क्लिकची होती.

वील्डमध्ये होतो, म्हणजे ते बुरशी लागलेलं जंगल. कोळ्यानं मामाला विष लावलेलं, मामा शून्यावर आला. शून्यावर आला म्हणजे लगेच मरत नाही, त्याला डेथ्स डोअर म्हणतात, यमाच्या दारात उभा. तिथून पुढं जे काही लागेल त्या प्रत्येक वेळी गेम नाणं उडवतो, वाचायचा चान्स साधारण ६७ टक्के. ऐकायला बरं वाटतं की नाही? आम्हाला पण वाटलं. पण सलग दोनदा वाचायचा चान्स ४५ टक्के, तीनदा वाचायचा ३० टक्के. आणि मेन गोष्ट, विषाचा जो दर टर्नला टिक बसतो तो पण फटकाच धरला जातो. म्हणजे शत्रूनं हात लावला नाही तरी मामाचं नाणं उडणारच होतं.

आमच्या वेस्टलची, म्हणजे हील करणारीची (जखमा भरणारीची), टर्न होती. हील टाकलं असतं, एक पॉइंट हेल्थ आली असती तरी मामा दारातून आत आला असता. पण समोरच्या कोळ्याची चारच हेल्थ उरलेली, मी म्हटलं मारून टाकतो, संपला विषय. अथणीचा आमचा रूममेट मागनं "बेडा बेडा" ओरडूलाय, नको नको म्हणून, मी क्लिक केलं, वेस्टलचा फटका चुकला. मामाची टर्न आली, टर्न सुरू होतानाच विषाचा टिक बसला, आणि गेमची गोष्ट सांगणारा तो गंभीर आवाजाचा म्हातारा काहीतरी बोलला, आणि मामा गेला. अँटिव्हेनम असतं तर त्याच्या आधीच विष उतरवता आलं असतं, पण अँटिव्हेनम घेतलं नव्हतं, पैसे वाचवलेले ना.

त्यामुळं नियम असा: कोणी दारात असेल तर आधी तो, मग शत्रू, अपवाद एकच, समोर एकच शत्रू उरलाय आणि अंगावर विष-रक्तस्राव काही नाही. आणि दारातून परत आलेला हिरो त्या मोहिमेपुरता कमकुवतच राहतो, त्याला परत पुढच्या रांगेत छाती काढून उभा करू नका.

स्ट्रेसला "नंतर बघू" म्हणणे

स्ट्रेस ० ते २००. शंभरला पोचला की हिरोची परीक्षा, साधारण चारातला एक जण उलट पेटून उठतो, बाकीचे तीन बिघडतात. कोणी भित्रा होतो, कोणी स्वार्थी, कोणी बाकीच्यांना शिव्या घालतो आणि त्या ऐकून त्यांचा पण स्ट्रेस वाढतो, म्हणजे एकाची सर्दी चौघांना. बिघडलेला हिरो कधी कधी हील पण घेत नाही, मामासारख्या वेळी हे झालं तर काय करणार. २०० ला हार्ट अटॅक, तो डायरेक्ट दारात, आणि आधीच दारात असेल तर खलास.

साठ-सत्तरला गेला की हातपाय हलवा. जेस्टर नाहीतर हाउंडमास्टर हा हिरो पार्टीत असला की लढाईतच स्ट्रेस उतरवता येतो, आपल्या क्रिटनं पण थोडा उतरतो, म्हणून समोर एक अर्धमेला शत्रू उरला की घाई करू नका, त्याला स्टन, म्हणजे सुन्न, करून एक-दोन टर्न डागडुजीला वापरा. पण तिथंच बसून राहिलात तर गेमला कळतं, मग तो शिक्षा म्हणून नवीन शत्रू पाठवतो. शाणपणा त्याला पण आहे.

दिसेल त्या पेटीत हात घालणे

वाटेत पेट्या, पुतळे, पुस्तकं, शवपेट्या दिसतात, त्यांना क्युरिओ म्हणतात. हात रिकामा घातला तर माल मिळेल नाहीतर रोग, स्ट्रेस, विष काहीही मिळेल. योग्य वस्तू वापरली तर खेळ बदलतो: कुलूपबंद पेटीला स्केलेटन की, आयर्न मेडनला औषधी वनस्पती, कन्फेशन बूथला पवित्र पाणी, कोव्ह या समुद्राकाठच्या गुहेतल्या त्या भयाण पोवळ्याला पण वनस्पती, त्यानं हिरोची एक वाईट सवय जाते. पुस्तकांच्या ढिगाकडं मात्र बघू पण नका. आणि शॅम्बलरच्या वेदीवर मशाल ठेवायची नाही, उत्सुकतेनं ठेवली एकानं आमच्यात, परत सांगायला कोणी उरलं नाही.

फावडं मात्र प्रत्येक वेळी घ्या. वाट दगडांनी बंद असली आणि फावडं नसलं तर हातानं उकरावं लागतं, त्यात हेल्थ, स्ट्रेस, उजेड तिन्ही जातं. जेवण पण तसंच, भूक लागली की माणशी एक म्हणजे चार लागतात, नसेल तर हेल्थ आणि स्ट्रेस दोन्हीचा मार.

साकु (पुरे) न म्हणणे

पोत्यात १६ च खण असतात. ते भरले, पार्टी निम्मी मेली, आणि मोहिमेच्या दोनच खोल्या राहिल्या, तेव्हा जी जीभ लांब होते ना, तिथं सगळ्यात जास्त पार्ट्या मरतात. मोहीम सोडून आलं तर थोडा स्ट्रेस बसतो पण गोळा केलेला माल तुमचाच राहतो, हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं. सगळे मेले तर माल पण गेला, ट्रिंकेट (हिरोंच्या अंगावरचे ताईत) पण गेले, आणि चांगलं ट्रिंकेट परत मिळेल याची काही गॅरंटी नाही.

आमच्या रूमवर आता नियम आहे. माउस ज्याच्या हातात आहे त्यानं ठरवायचं नाही, बाजूला बसलेल्यानं "साकु" म्हटलं, म्हणजे पुरे, की बाहेर. साकुवर वाद घालायचा नाही. हा नियम अथणीवाल्यानं काढला, मामा मेल्याच्या रात्रीच. आत शिरायच्या आधीच ठरवायचं की कुठला आकडा दिसला की साकु, उदाहरणार्थ दोघं शंभरवर गेले किंवा हील करणारी दारात आली. लढाईच्या मधेच पळायचं असेल तर एक लक्षात ठेवा, पळायचा प्रयत्न फसू पण शकतो, म्हणून शेवटच्या टर्नला नको, एक टर्न आधी.

बाकी छोटं छोटं. एकच लाडकी पार्टी सारखी वापरू नका, तिसऱ्या लेव्हलला पोचलेले हिरो नेहमीच्या मोडमध्ये सोप्या मोहिमेला जायला नकार देतात, मग ते मेले की मागं नवखेच उरतात. मध्यम मोहिमेत एकदा आणि लांब मोहिमेत दोनदा कॅम्प करायची लाकडं मिळतात, ती शेवटच्या खोलीपर्यंत जपून ठेवायला ती काय आजीचं सोनं नाहीत. आणि पावसात करंट गेला म्हणून डेस्कटॉप बंद पडला तर घाबरू नका, थोड्याफार फरकानं तिथूनच चालू होतं, पण हिरो मेला म्हणून मुद्दाम मशीन बंद करायचा विचार असेल तर तो आम्ही करून बघितलाय. मामा परत चालू झाल्यावर पण मेलेलाच होता.

अगदी शेवटच्या डंजनमध्ये मात्र साकु फुकट नाही. तिथून माघार घेतली तर एका हिरोला मागं सोडावं लागतं, आणि जे जिंकून येतात ते परत त्या भुयारात पाय ठेवायला तयार होत नाहीत. म्हणून तिथं जायच्या आधी चार-चारच्या निदान तीन-चार तगड्या पार्ट्या तयार ठेवा, आमच्याकडं सध्या दीड आहे.