जुन्या हत्यारांचे सुटे भाग आणताना या चुका टाळा

पावसाळ्यात सागवानी कपाटाचं दार फुगून घासायला लागतं आणि माळ्यावरचा रंधा खाली येतो. त्याची मूठ डुगडुगत असते, पातं गंजलेलं असतं. हत्यार बहुतेक वेळा चांगलंच असतं. नुकसान होतं ते भलता भाग बसवल्याने.

स्क्रू अंदाजाने आणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्टॅन्ले कंपनीच्या जुन्या लोखंडी रंध्यात मुठीची दांडी 7/32 इंच जाड, म्हणजे पावणेदोन सूत. आटे इंचाला 20. हे माप आज हार्डवेअरच्या दुकानात नसतं. एम5 (5 मिमीचा मेट्रिक बोल्ट) खुळखुळतो. एम6 पान्याने रेटला की बिडाचे आटे तुटतात, आणि बिडात पुन्हा आटे पाडणं जिकिरीचं. दोन सुताचा (पाव इंची) बोल्ट त्याहून फसवा. एम6 त्याच्या भोकात सहज शिरतो आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर अडतो, कारण दोन सुताला आट्यांमधलं अंतर 1.27 मिमी असतं, एम6 ला 1 मिमी.

म्हणून आधी मोजा. अर्ध्या इंचात 10 आटे भरले तर इंचाला 20. मग माहीत असलेला बोल्ट त्याला आडवा भिडवून उजेडाकडे धरा. मधून फट दिसली तर आटे वेगळे आहेत. जुना स्क्रू आणि ज्यात तो बसतो तो भाग, दोन्ही सोबत न्या. दुकानात मिळाला नाही तर गोव्यात कुंडई किंवा वेर्णा औद्योगिक वसाहतीच्या बाजूला लेथवाल्याकडून करून घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच नंबरचा मोडका रंधा दिसला तर तो सुट्या भागांसाठी घेणं कधीकधी त्याहून परवडतं.

पातं खालीवर करणाऱ्या पितळी चाकीचे आटे उलटे असतात. ती घट्ट वाटली म्हणून पक्कड लावू नका, आधी उलट फिरवून पाहा.

लाकडी रंध्यात नवं पातं

जुनी पाती धारेकडे जाड आणि वर पातळ असत. नवं पातं सगळीकडे सारखंच जाड. पाचर नीट दाबून धरत नाही, रंधा थरथरतो आणि लाकडावर लाटा उमटतात. पाचर नव्या पात्याला घासून बसवा, नाहीतर जुनंच पातं धार लावून वापरा.

करवतीला मिळेल ती कानस

तिधारी कानशीची बाजू दाताच्या उंचीच्या दुपटीहून किंचित मोठी हवी. लहान असेल तर प्रत्येक बाजूचा मधला भाग दोनदा झिजतो. दातांची टोकं निळसर-काळी असतील तर ती करवत कानसून धार धरणारी नव्हे. कानसच खराब होईल.

ब्रेसच्या (हाताने फिरवून भोक पाडायच्या हत्याराच्या) जबड्यात चौकोनी शेपटाचीच गिरमिटं घाला. गोल ड्रिल जोर पडताच फिरतं.

तेल आणि गंज

धारेच्या दगडावर स्वयंपाकाचं तेल नको, ते चिकट होऊन दगड बुजवतं. मशीन ऑइलमध्ये थोडं रॉकेल मिसळा. गंजासाठी पांढरं व्हिनेगर रात्रभर पुरतं. पितळ आधी काढून ठेवा. रात्रीपेक्षा जास्त वेळ व्हिनेगरमध्ये ठेवलं तर लोखंडच खाल्लं जातं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच पुसा, तेल लावा. जुलैतल्या दमट हवेत पुसायला उशीर झाला की नवा तांबूस थर चढतो. पटाशी चामड्याच्या म्यानात ठेवायची सवय इथे मोडा, चामडं ओल धरून ठेवतं.