घरातलं पाळणाघर : हिशेबातल्या या चुका टाळा

माझ्या मावशीनं डोंबिवलीत सतरा वर्षं पाळणाघर चालवलं. सकाळची फास्ट लोकल गाठायची म्हणून आईबाप मूल दारातच तिच्या कडेवर द्यायचे आणि रात्री आठला न्यायला यायचे. शेवटी गुडघ्यांनी साथ सोडली आणि तिनं पाळणाघर बंद केलं, तेव्हा तिच्या नावावर बचत जवळजवळ नव्हतीच. पैसा येत होता. तो पोह्यांच्या डब्यात जायचा आणि त्याच डब्यातून दूध, सिलिंडर, घरातल्यांचे दिवाळीचे कपडे, पाहुण्यांचा आहेर, सगळं भागायचं. त्यातले स्वतःचे किती उरले, हे तिला सतरा वर्षांत एकदाही कळलं नाही. आता मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि आयकर विवरणपत्रं करते, आणि पाळणाघर चालवणाऱ्या बायकांच्या वह्यांत मला तो पोह्यांचा डबा पुन्हा पुन्हा दिसतो.

घर आणि पाळणाघर एकाच डब्यात

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आठ मुलं आहेत, प्रत्येकी ४,५०० रुपये फी आहे, म्हणजे महिन्याला ३६,००० रुपये येतात, असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याला ते उत्पन्न वाटतं. पण ती जमा आहे. समजा, मदतीला येणाऱ्या ताईंचे १०,००० गेले. दूध, फळं, मुलांचा वरणभात आणि खिमट यांचे ६,५००, गॅसचे ९००, पंखे आणि वॉशिंग मशीन दिवसभर चालल्यानं वाढलेल्या विजेचे १,६००, फिनेल, साबण, खेळणी, फाटलेल्या गाद्या यांचे १,०००. एकूण २०,००० गेले, हाती १६,००० राहिले. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे अकरा तास धरले, तर ताशी ५६ रुपयेसुद्धा पडत नाहीत. हा आकडा समोर आला की बहुतेक जणी गप्प होतात, कारण फी ठरवताना त्यांनी शेजारच्या इमारतीतली फी पाहिलेली असते, आपला खर्च नाही.

यावर उपाय अवघड नाही. पाळणाघरासाठी स्वतःच्या नावानं वेगळं बचत खातं उघडा आणि फीचा क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. मुलांचं दूध वेगळं घ्या, वाणसामानाची यादी वेगळी करा. निदान पहिले तीन महिने तरी हे काटेकोर पाळा, म्हणजे पुढे अंदाज बरोबर येतो. विजेसाठी, पाळणाघर सुरू होण्याआधीच्या वर्षातलं त्याच महिन्याचं बिल काढून फरक पाहा. आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला या खात्यातून स्वतःचा पगार म्हणून एक रक्कम आपल्या दुसऱ्या खात्यात वळवा. घरात द्यायचे ते त्यातून द्या.

क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा असतो, असंही खूप ठिकाणी पाहते. सोय म्हणून सुरू होतं आणि तसंच राहतं. कष्ट तुमचे, म्हणून कायद्यानं उत्पन्नही तुमचंच. पण पुरावा त्यांच्या खात्यात साठत जातो. उद्या तुम्हाला कर्ज हवं असेल, तर दाखवायला तुमच्याकडे काहीच नसतं.

अनामत आणि मे महिना

प्रवेशाच्या वेळी घेतलेली अनामत परत करायची असते. ती मिळकत नाही, देणं आहे. जूनमध्ये चार नवी मुलं आली की खात्यात फुगवटा दिसतो आणि त्या भरात फ्रिज घेतला जातो. मग एखादं कुटुंब बदलीनं पुण्याला निघालं की अनामत परत करायला उसनवारी करावी लागते. ही रक्कम मुदत ठेवीत ठेवा. शेवटच्या महिन्याच्या फीपोटी वळती केली, तर त्या दिवशी ती उत्पन्नात लिहा.

मे महिन्याचं असंच. मुलं गावी जातात, फी थांबते, पण मदतनीस ताईंचा पगार थांबवता येत नाही, थांबवूही नये. सुट्टीतही जागा राखायची तर निम्मी फी, असा नियम प्रवेशाच्या वेळी लेखी द्या. उशिरा नेण्याचा आकारही त्याच कागदावर असावा. लोकल बंद पडली त्या दिवशी तो मागू नका. रोजच साडेआठ वाजत असतील, तर मागायला संकोच नको.

कराच्या बाबतीत होणारे गोंधळ

इथले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून त्यानंतरच्या कमाईचं विवरणपत्र भरताना जुना क्रमांक शोधत बसू नका.

पाळणाघराची फी ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवून आयटीआर-१ (व्यवसाय नसलेल्यांसाठीचा विवरणपत्राचा नमुना) भरणं चूक आहे. हा व्यवसाय आहे. आयकर कायद्याच्या कलम ४४एडीच्या अंदाजित पद्धतीनं, म्हणजे जमेचा ठरावीक हिस्सा नफा धरून, आयटीआर-४ हा नमुना भरता येतो. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्यासाठीचं ४४एडीए आपल्याला लागू नाही. तिथे निम्मी जमा नफा धरली जाते आणि ते कलम चुकून निवडलं, तर उत्पन्न विनाकारण फुगतं.

४४एडीमध्ये यूपीआय, चेक, बँकेतून आलेल्या जमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा धरतात. खर्चाच्या पावत्या लागत नाहीत. इथेच बायका फसतात. पावत्या लागत नाहीत म्हणून खर्च लिहिणंच सोडून देतात आणि मग फी कशाच्या आधारावर वाढवायची ते कळत नाही. दुसरं असं की ६ टक्के ही किमान मर्यादा आहे. वरच्या उदाहरणात वर्षाची जमा ४,३२,००० होते आणि तिचे ६ टक्के म्हणजे २५,९२०. खरा नफा मात्र १,९२,००० आहे. नफा जास्त असेल, तर तो जास्तच दाखवायचा असतो. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७एची सवलत मिळून कर शून्य होतो. म्हणजे खरा आकडा दाखवून एक रुपयाही जास्त भरावा लागत नाही. २५,९२० दाखवणारीला मात्र मुलाच्या शैक्षणिक कर्जासाठी सहअर्जदार म्हणून बँक उभी करणार नाही. हे मी डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय, म्हणून इतक्या आग्रहानं सांगते.

‘१२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही’ हे पगारदारांसाठी आहे. त्यांना मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट व्यवसायाच्या उत्पन्नाला नाही. ठेवींचं व्याज, भाड्याचं उत्पन्न मिळवून बेरीज करा. कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर अंदाजित पद्धतीत सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायचा असतो. आणि ४४एडी स्वीकारल्यावर मध्येच सोडली, तर पुढची पाच वर्षं तिच्यात परत येता येत नाही.

जीएसटी नोंदणीचा प्रश्न सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की येतो. घरगुती पाळणाघर सहसा तिथवर जात नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना काही देऊ नका.

पावती टाळणं

‘ओळखीतलेच आहेत, पावती कशाला?’ असं म्हणत पावतीपुस्तक छापलंच जात नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराच्या सोयीची जबाबदारी टाकली, आणि काही कंपन्या फीचा परतावा देतात. आईला त्यासाठी तुमची पावती लागते. क्रमांक, तारीख, मुलाचं नाव, महिना, रक्कम, सही एवढं पुरे.

कंपनी थेट तुम्हाला पैसे देत असेल, तर पॅन आधीच कळवा. कर कापायची वेळ आली आणि पॅन दिलेला नसेल, तर कपात २० टक्क्यांनी होते. कापलेला कर २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात, दिसतोय का, ते विवरणपत्राआधी तपासा. माझ्याकडे आलेल्या एका ताईंचा असा कर दोन वर्षं कापला जात होता आणि ‘आपलं उत्पन्न करपात्र नाही’ म्हणून त्यांनी विवरणपत्रच भरलं नव्हतं. पहिल्या वर्षाचं विवरणपत्र भरून परतावा मागायची मुदत गेली होती, ते पैसे बुडाले. दुसऱ्या वर्षाचे मिळाले, आणि त्यातून त्यांनी मुलांच्या झोपायच्या खोलीला खिडकीच्या जाळ्या बसवून घेतल्या.