तिवरावरच्या अळ्यांत विषाणूची साथ आली आहे का, हे कसे ओळखावे?

पावसाळ्यात कधी कधी विक्रोळीच्या खाडीकाठची तिवरे बघता बघता खराट्यासारखी उघडी पडतात आणि लगेच फवारणीची मागणी सुरू होते. हे काम हिब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्यांचे. सागाची पाने फस्त करणारीही तीच. तिला मारणारा विषाणू केरळच्या वनसंशोधकांनी १९८८ साली नोंदवला. म्हणून औषधाचा विचार करण्याआधी अळ्या नीट बघा.

सुरुवात शेंड्यापासून करा. विषाणू लागलेले अनेक जातींचे सुरवंट मरण्याआधी वर चढतात. जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळीला असे चढवण्यामागे विषाणूचेच एक जनुक असते, हे २०११ साली दिसून आले. वर मागच्या पायांनी फांदीला धरून, डोके खाली करून लोंबणारी, काळपट, लिबलिबीत अळी दिसली तर विषाणूचा दाट संशय घ्या. पांढरी बुरशी धरून कडक झालेली अळी मात्र बुरशीने मेलेली असते. जवळ इवलेसे कोष दिसले, तर ते अळ्यांना मारणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांचे असू शकतात.

मग त्याच फांदीखालची पाने बघा, शक्यतो पावसाच्या सरीनंतर. मेलेल्या अळीची कातडी फाटते आणि आतला द्रव पानांवर ओघळतो. त्यात प्रथिनाच्या सूक्ष्म स्फटिकांत विषाणू बंदिस्त असतात. दुसऱ्या अळीने ते पान खाल्ले की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात प्रथिन विरघळते आणि विषाणू मोकळे होतात. अळ्यांची दाटी जितकी जास्त, तितकी साथ वेगाने पसरते. पक्ष्यांच्या विष्ठेतूनही विषाणू दूर जातो. ऊन त्याला सोसत नाही. सालीच्या भेगांत आणि सावलीत तो जास्त टिकतो.

हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. तरी अळ्या गोळा करू नका, चिखलात उतरू नका. कांदळवन संरक्षित आहे. दुर्बिणीने वाटेवरूनच बघा.

फवारणीला माझा ठाम विरोध आहे. कीटकनाशक या परजीवी गांधीलमाश्यांनाही मारते आणि भरतीच्या पाण्याबरोबर खेकड्यांपर्यंत पोचते. शिवाय उघडे पडलेले तिवर सहसा पुन्हा पालवते.

दर काही दिवसांनी त्याच फांदीचा, त्याच जागेवरून फोटो काढा. लोंबणाऱ्या अळ्या वाढल्या आणि खाणाऱ्या कमी झाल्या, तर तारखांसह ते फोटो वन विभागाच्या कांदळवन कक्षाला पाठवा.