दगडफूल ओळखायला निघालात? या चुका टाळा

लायकेन (बुरशी आणि शैवाल मिळून बनलेला जीव) बघायला महाबळेश्वर गाठायची गरज नाही, गोड्या मसाल्यासाठी आणलेलं दगडफूल पुरेसं आहे, तेही लायकेनच. त्यातला एक मोठा पापुद्रा थोडा वेळ पाण्यात ठेवा. वरच्या राखाडी बाजूला हिरवट झाक येते (माल जुना असेल तर फिकी), खालची बाजू काळीच राहते. आता तो फाडा आणि फाटलेली कड दहापट भिंगातून बघा. वरच्या सालीखाली हिरवी रेघ, तिच्याखाली पांढरा, कापसासारखा थर. हिरवं ते शैवाल, बाकी बुरशी.

ही रेघ न बघताच नावं पाठ करणं ही पहिली चूक. मग 'अर्धी बुरशी, अर्धं शैवाल' असं डोक्यात बसतं. निम्मंनिम्मं काही नसतं. बहुतेक शरीर बुरशीचं, शास्त्रीय नावही तिचंच. अन्न मात्र तो पातळ हिरवा थर बनवतो. काही लायकेनांत हे काम सायनोबॅक्टेरिया (प्रकाशातून अन्न बनवणारे जीवाणू) करतात. ही जोडी 1867 साली स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनरने मांडली. पुढे त्याने बुरशीला मालक आणि शैवालाला गुलाम ठरवलं. या जोडीच्या 'सुखी संसारा'च्या गोड वर्णनांपेक्षा मला ते जास्त पटतं, पूर्ण नसलं तरी. शिवाय 2016 मध्ये काही लायकेनांच्या सालीत यीस्टही (एकपेशी बुरशी) सापडलं, म्हणजे भागीदार दोनच असतात असंही धरू नका.

कोकणात आणि घाटात हमखास फसवतो तो खोडावरचा, ओल्या भिंतीवरचा केशरी मखमली थर. ते लायकेन नव्हे, ट्रेंटेपोहलिया नावाचं, बुरशीशिवाय सुटं वाढणारं शैवाल. जात हिरव्या शैवालाची, पण आतल्या केशरी रंगद्रव्याने हिरवा रंग झाकलेला. गंमत म्हणजे शेजारच्याच सालीवर काळ्या रेघोट्या असलेला पांढरा चट्टा दिसला, तर त्या ग्राफिस लायकेनच्या आत बहुधा हेच शैवाल असतं.

आंब्याच्या खोडावरचं लायकेन रोग समजून खरवडू नका. ते झाडाचा रस शोषत नाही, फक्त जागा घेतं. लायकेन दिसलं की हवा शुद्ध, हेही घाईचं. पिक्सिन कोकोएससारखी जात शहरी धुरातही तगते. कोणती जात आहे ते आधी बघा.

नमुना घ्यायचाच तर गळून पडलेल्या फांदीवरचा घ्या, कारण बरीच लायकेन वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. अभयारण्यात तर परवानगीशिवाय हातही लावू नका. घरी आणलेला नमुना कागदाच्या पुडीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि त्यावर दुसरीच बुरशी चढते. नमुना कोरडा असताना आणि ओला केल्यावर, दोन्ही वेळा फोटो काढा.