जुन्या चिंध्यांचं पिनकुशन करताना या चुका टाळा

पिनकुशन म्हणजे सुया टोचून ठेवायची छोटी उशी. ती बिघडते ते बहुतेक वेळा आतल्या भरणामुळे. उशीतला जुना कापूस सैलसर कोंबला की थोड्याच दिवसांत त्याचे गोळे होतात, मध्ये पोकळी राहते आणि बारीक सुया नेढ्यासकट आत गडप होतात. कापूस ओल धरतो, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात सुया गंजतात ते वेगळंच. तांदूळ किंवा डाळ भरली तर कीड लागते. लोखंडी तारेची घासणी भरली की सुयांना धार येते म्हणतात, पण दमट हवेत ती तार स्वतःच गंजते.

आमच्या मते सुताराकडचा लाकडाचा भुसा सगळ्यांत भरवशाचा. प्लायवुडचा मात्र घेऊ नका, त्याची भुकटी कापडातून गळत राहते. साध्या लाकडाचा भुसा नाकाला रुमाल बांधून पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडलेली भुकटी टाका, वर राहिलेल्यातल्या ढलप्या वेचून काढा आणि उरलेला भुसा दोन दिवस कडक उन्हात वाळवा. ओलसर राहिला तर बुरशी आणि गंज ठरलेलाच. भुसा नसेल तर खऱ्या लोकरीच्या फाटक्या स्वेटरचे बारीक तुकडे चालतात.

उशीला तळ म्हणून बरणीचं झाकण चिकटवायचं असतं. ते 7 सेंमी रुंद असेल तर कापडाचं वर्तुळ 18 सेंमीचं कापा. लहान कापलं की उशी बसकी होते आणि सुईचं टोक झाकणावर आपटून बोथट होतं. उंची 5 सेंमी तरी हवी. कडेपासून 1 सेंमी आत दुहेरी दोऱ्याने धावदोरा घाला. भुसा चमच्याचमच्याने, दर वेळी दाबत भरा, मग दोरा ओढून गाठ मारा. अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहिला तर गाठ सोडून आणखी भरा. इथे कंटाळा केला की सुया कलतात.

कापड जुन्या सुती साडीचं, दुहेरी. टी-शर्टचं ताणून सैल पडतं, जीन्समध्ये बारीक सुई वाकते.

पांढरा फेव्हिकॉल प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या झाकणावर धरत नाही, वाळला की उशी सुटून येते. फेव्हिबाँड या रबरी गोंदाचा पातळ थर उशीच्या तळाला आणि झाकणाला लावा, 10-15 मिनिटं थांबा आणि मग घट्ट दाबा.

मनगटावर बांधायचं असेल तर तळाशी तेलाच्या प्लास्टिक कॅनची चकती कापून घाला, नाहीतर सुई थेट हातात घुसते.