बुगी-वुगी शिकायला बसण्याआधी डाव्या हाताची तयारी

आपल्याकडचे बरेच जण पेटीवरून पियानोकडे येतात. मीही तसाच आलो. पेटीत डावा हात वर्षानुवर्षं भाता मारतो आणि सूर सगळे उजव्याचे. बुगी-वुगी या नाचऱ्या पियानोशैलीत खरी मेहनत डाव्याची. ती जन्मली अमेरिकेत. टेक्सास आणि लुइझियानाच्या जंगलांत लाकूडतोड्यांच्या छावण्या असत. तिथल्या दारूच्या गुत्त्यांत कृष्णवर्णीय वादक एकट्या पियानोवर सगळ्यांना नाचवत. साथीला ना ड्रम, ना बास, ते कामही डाव्या हातालाच करावं लागे. म्हणून पहिले दोन महिने त्याच्यासाठी राखून ठेवा.

वाद्य शक्यतो ८८ पट्ट्यांचं, वेटेड कीज (दाबायला जड पट्ट्या) असलेलं बघा. घरात ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड असेल तर खरेदीसाठी थांबू नका, फक्त पुढे कधीतरी बोटांना जड पट्ट्यांची सवय करावी लागेल हे धरून चाला. स्टूल इतकं उंच हवं की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल. नखं कापलेली हवीत. सूर लांबवणाऱ्या पेडलला सध्या पाय लावू नका, खालचे सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात.

आता पांढरी एक हा सा धरा, खालच्या सप्तकात. सा ग प ध, कोमल नी, ध प ग. करंगळी सा वर, मधलं बोट ग वर, तर्जनी प वर, अंगठा ध वर. कोमल नीसाठी तर्जनी अंगठ्यावरून पलीकडच्या काळ्या पट्टीवर टाकायची आणि त्याच वाटेने परत यायचं. एका बारमध्ये, म्हणजे एका खंडात, चार मात्रा आणि हे आठ सूर. ते अगदी समान अंतरावर नसतात. मात्रेचे तीन भाग करा, पहिल्या सुराला दोन द्या, दुसऱ्याला एक. ती झुलती लय तोंडाने म्हणता आली की मगच पट्टीला हात लावा.

बारा बारचं आवर्तन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवा: चार बार सा, दोन म, दोन सा, एक प, एक म, शेवटचे दोन पुन्हा सा. म आणि प आले की तीच चाल तिथून सुरू करायची. तबल्याच्या सोलोला लेहरा धरलेला ऐकला असेल तर डाव्या हाताचं काम लगेच कळेल. वर काहीही चालू दे, लेहरा हलत नाही.

मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. मी घाईने लय वाढवली आणि आठवडाभर मनगटापासून कोपरापर्यंत हात ठणकत होता. हात भरून आला की थांबायचंच. लय वाढवायची वेळ कधी आली? घरातल्या कोणी 'भाजी काय करू?' विचारलं आणि डावा न अडखळता उत्तर देता आलं, की आली. बुगी-वुगी वादक पाइनटॉप स्मिथचं २९ डिसेंबर १९२८ चं शिकागोतलं ध्वनिमुद्रण ऐका. पियानो वाजवता वाजवता तो नाचणाऱ्यांना कधी थांबायचं, कधी हलायचं ते सांगत असतो.

रोज ऐकण्यासाठी मात्र याच शैलीतला जिमी यान्सी. तो शिकागोच्या बेसबॉल मैदानाची निगा राखण्याची नोकरी करायचा. त्याचं वादन संथ आणि मोकळं असल्याने डाव्या हातातला एकेक सूर वेगळा ऐकू येतो. मीड लक्स लुइस या वादकाची आगगाडीवरची रचना फार सुंदर आहे, पण तिच्या मागे आत्ता धावू नका.

उजव्या हाताला सुरुवातीला एवढंच द्या: प्रत्येक आवर्तनाच्या समेवर कोमल ग वर बोट ठेवायचं आणि तेच बोट घसरवत शुद्ध ग वर आणायचं. पेटीवर कण लावतो तसं, पण जरा जोरात.